नोंदवही आणि पहारा

कचेरीतील कारकून सकाळी संगणकापुढे बसतो, आपले नाव व परवलीचा शब्द टंकतो आणि कामाला लागतो. या क्षणार्धात पडद्याआड काय घडते, याची चौकशी सहसा कोणी करीत नाही. परंतु खजिन्यापासून बंदरापर्यंतचा सारा कारभार आज याच क्षणार्धावर उभा असल्यामुळे ती करणे अगत्याचे झाले आहे.

यात मुख्यतः दोन गोष्टी आहेत. पहिली नोंदवही. देवस्थानाच्या दप्तरी महाजनांची नोंद असते, तशी येथे प्रत्येक कर्मचाऱ्याची, यंत्राची व गटाची नोंद असते. तिला 'डिरेक्टरी' म्हणतात. कोणी कोणते कपाट उघडावे, हे तिच्यातील गटांवरून ठरते. दुसरी गोष्ट ओळखीच्या खातरजमेची. वहीत नाव आहे खरे. पण समोर उभा असलेला इसम तोच कशावरून? यासाठी अमेरिकेतील एम. आय. टी. या संस्थेत १९८० च्या दशकात 'कर्बेरोस' ही पद्धत सिद्ध झाली. ग्रीक पुराणातील तीन तोंडांच्या राखणदार श्वानाचे हे नाव. मध्यवर्ती यंत्र एकदा खातरजमा करून ठराविक मुदतीचे तिकीट देते. पुढील प्रत्येक दारावर ते दाखविले की पुरे, परवलीचा शब्द दारोदार सांगावा लागत नाही. मायक्रोसॉफ्टने २००० साली या दोहोंची सांगड 'अ‍ॅक्टिव्ह डिरेक्टरी'त घातली आणि जगभरच्या कचेऱ्यांनी ती स्वीकारली.

सोय मोठी, तसा धोकाही मोठा. २७ जून २०१७ रोजी युक्रेनमधून पसरलेल्या 'नॉटपेट्या' या घातक प्रणालीने डेन्मार्कच्या मर्स्क या जहाज कंपनीला गाठले. ही वही सांभाळणारी तिची सुमारे दीडशे यंत्रे होती. ती एकमेकांच्या नकला बाळगीत, म्हणून एक गेले तरी दुसरे आहे, हा भरवसा होता. पण सारी एकदमच पुसली गेली! वाचले ते घानातील एकच, आणि तेही वीज गेल्याने बंद पडले होते म्हणून. न्हावा-शेवा येथील या समूहाच्या धक्क्यावरचे कामही ठप्प झाले. ४,००० सर्व्हर आणि ४५,००० संगणक नव्याने उभारावे लागल्याचे कंपनीच्या अध्यक्षांनी पुढे जाहीरपणे सांगितले.

वीज गेली की खात्याला दूषणे देणाऱ्या आम्हां गोवेकरांना यात कौतुक वाटेल; पण कारभार दैवाच्या हवाली करणे हे शहाणपण नव्हे. एकमेकांना जोडलेल्या नकला म्हणजे राखीव प्रत नव्हे, हा यातील खरा धडा होय. वहीची एक प्रत जाळ्याबाहेर, कुलुपात असली पाहिजे. तीवरून कारभार पुन्हा उभा राहतो की नाही, हे वेळोवेळी पारखून पाहिले पाहिजे. निवृत्त झालेल्यांची नावे त्याच दिवशी कमी व्हावीत, आणि वहीवर सर्वाधिकार असणारे हात मोजकेच असावेत. आमच्या सरकारी खात्यांत, बँकांत व बंदरात हे होते काय? पहारा सोपविणाऱ्यांनी पहाऱ्याची झडती घेतलीच पाहिजे. लोकांनीही हा प्रश्न विचारावा, कारण त्या वहीआड त्यांचाच पैसा आणि त्यांचेच दाखले आहेत.