न्यूझीलंडमधील सुंता आणि प्रौढ पुरुषांचे आरोग्य

सुंतेचा विषय निघाला की आपल्या मराठी घरांत एक तर हसे पिकते, नाही तर सगळे गप्प होतात. आपल्यात ही चाल नाही. शेजारच्या मुसलमान कुटुंबांत ती धर्माचा भाग आहे आणि त्यावर मत देण्याचा आमचा हेतू नाही. परंतु जगात असेही काही देश आहेत, की जिथे धर्माची आज्ञा नसताना केवळ डॉक्टरांच्या शब्दाखातर तान्ह्या मुलांची सुंता सर्रास होऊ लागली. त्यांपैकी न्यूझीलंडची हकिगत आम्हांला विचार करण्याजोगी वाटते.

1940 च्या दशकात तिथल्या बहुसंख्य नवजात मुलांची सुंता होत असे. ही समजूत इंग्लंडमधून आलेली होती: स्वच्छता राहते, वाईट सवयी लागत नाहीत, पुढचे रोग टळतात. मग 1949 साली डग्लस गेर्डनर या ब्रिटिश बालरोगतज्ज्ञाने ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये एक लेख लिहिला. तान्ह्या मुलाची ती कातडी मागे सरकत नाही हा रोग नसून निसर्गक्रम आहे, वयाबरोबर ती आपोआप सुटी होते, असे त्याने दाखवून दिले. शिवाय या अनावश्यक शस्त्रक्रियेने दरवर्षी काही बालके दगावत होती, तेही त्याने उघड केले. इंग्लंडमध्ये प्रथा लवकर मोडली. न्यूझीलंडला थोडा उशीर लागला. डुनेडिन शहरात 1972-73 साली जन्मलेल्या ज्या मुलांचा तिथले संशोधक आजवर मागोवा घेत आहेत, त्यांच्यापैकी सुमारे 40 टक्क्यांची सुंता झालेली होती. त्यानंतर ही प्रथा झपाट्याने ओसरली. कायदा झाला नाही, मोर्चा निघाला नाही. आज ती मुख्यतः सामोआ, टोंगा येथून आलेल्या कुटुंबांत आणि मुसलमान व यहुदी घरांत दिसते.

म्हणजे त्या देशात आज साठी-सत्तरीचे सुंता झालेले आजोबा आणि सुंता न झालेले नातू एकाच घरात आहेत. कोणाची प्रकृती बरी, हे पाहायला याहून सोयीची जागा कोणती?

पण उत्तर सरळ मिळालेले नाही. क्राइस्टचर्चमध्ये 1977 साली जन्मलेल्या मुलांच्या पाहणीत, आठ वर्षांपर्यंत त्या भागाच्या तक्रारी सुंता झालेल्या शंभरांत सुमारे 11 आणि न झालेल्या शंभरांत सुमारे 19 आढळल्या. बहुतेक किरकोळ सूज-लालीच्या. पहिल्या वर्षात मात्र सुंता झालेल्यांनाच त्रास अधिक होता. हीच मुले पंचवीस वर्षांची झाल्यावर, 2006 साली, संशोधकांनी सांगितले की सुंता न झालेल्यांत लैंगिक संसर्गाचे प्रमाण अडीचपटींहून अधिक आहे. दोनच वर्षांनी डुनेडिनच्या 499 पुरुषांचा बत्तीस वर्षांपर्यंतचा हिशेब प्रसिद्ध झाला. त्यात काहीच फरक नव्हता! देश तोच, समाज तोच, आणि निष्कर्ष उलट. आमच्या मते यावरून एवढेच दिसते, की अशा समाजात फायदा असला तरी तो फार मोठा नसावा. आफ्रिकेतील प्रयोगांत सुंतेने पुरुषांना स्त्रीकडून होणारा एच.आय.व्ही.चा संसर्ग सुमारे 60 टक्क्यांनी घटला हे खरे. पण तिथे रोगाचा फैलाव मोठा होता आणि सुंता करून घेणारे स्वखुशीने आलेले प्रौढ होते.

संवेदना कमी होते काय, हा वादही असाच आहे. 2007 साली अमेरिकेतील एका मोजणीत सुंता झालेल्यांना हलका स्पर्श कमी जाणवतो असे निघाले. 2008 साली केनियातील प्रयोगात पुरुषांनी स्वतः तक्रार केली नाही. वादाबाहेरच्या गोष्टी वेगळ्याच आहेत. लहानपणी सुंता झालेल्या काही मुलांचे मूत्रद्वार पुढे अरुंद होते, लघवीची धार बारीक किंवा वाकडी पडते. कातडी प्रमाणाबाहेर कापली गेली असेल तर मोठेपणी ताण पडून दुखते. हे थोड्यांच्याच वाट्याला येते, पण ज्याच्या वाट्याला येते त्याला टक्केवारी सांगून काय उपयोग? त्याला कोणी विचारलेले नसते. रॉयल ऑस्ट्रेलेशियन कॉलेज ऑफ फिजिशियन्सने 2010 साली तान्ह्या मुलांची सरसकट सुंता करण्याचे कारण नाही असे म्हटले, ते आम्हांला पटते.

आता आपल्या बेटाचे. सुंता नाही म्हणून आपण निर्धास्त, असे मुळीच नाही. मॉरिशसमध्ये मधुमेह किती बोकाळला आहे ते प्रत्येक घर जाणते. लघवीतल्या साखरेवर बुरशी पोसते. कातडीखाली खाज, लाली, चिरा पडतात आणि वारंवार झाले की कातडी आवळते. चाळिशीनंतर अशी कातडी नव्याने आवळू लागली तर रक्तातील साखर तपासावी. कधीकधी मधुमेहाचा पहिला सुगावा इथेच लागतो. साखर लघवीवाटे बाहेर टाकणाऱ्या डापाग्लिफ्लोझिन, एम्पाग्लिफ्लोझिन या नव्या गोळ्यांनीही हा त्रास होऊ शकतो. अशा वेळी गोळी मनाने बंद न करता डॉक्टरांना सांगावे. आपले काका-मामा पायाची जखम दाखवतात, हे दाखवत नाहीत. बायकोलाही सांगत नाहीत. पुष्कळांना मलम आणि साखरेवरचा ताबा यांनी आराम पडतो. कातडी व्रणाने घट्टच झाली असेल, तर मात्र डॉक्टर जी शस्त्रक्रिया सुचवतात ती सुंताच असते, आणि त्या वेळी ती करून घेण्यात धर्माचा किंवा लाजेचा काही संबंध नाही.