लोणचं मुरू द्या, मगच विका
मित्रांनो, कैरीचं लोणचं घातलं की दुसऱ्याच दिवशी बरण्या विकायची घाई करू नका. मीठ फोडींतलं पाणी हळूहळू ओढतं, खार सुटतो, मसाला आत उतरतो. याला १५-२० दिवस द्यायलाच हवेत. तुम्ही म्हणाल, 'सर, तोवर पैसे अडकतात.' अडकतात ना! म्हणूनच ते दिवस भांडवलात आधीच धरा, पहिला लॉट छोटा ठेवा, ऑर्डर आगाऊ घ्या. प्रत्येक बरणीवर तारीख टाका. एक बरणी स्वतःकडे ठेवा, दर आठवड्याला कोरड्या चमच्याने चव बघा. न मुरलेलं लोणचं गिऱ्हाईक एकदाच नेतं. मुरलेलं खाल्लं, की पुढच्या उन्हाळ्यात तेच स्वतःहून फोन करतं.