पहारा दारावर, दरोडा तारेवर

महापे येथील कोणत्याही मोठ्या कचेरीत जाऊ पाहणाऱ्या गृहस्थास प्रथम पहारेकऱ्याच्या वहीत नाव, गाव व वेळ लिहावी लागते आणि गळ्यात बिल्ला अडकवावा लागतो. हा बंदोबस्त व्यर्थ आहे असे आमचे म्हणणे नाही. परंतु ठाणे-बेलापूर पट्ट्यात कारखान्यांच्या शेजारीच आता माहितीचे साठे सांभाळणारी डेटा सेंटरे उभी राहिली आहेत, आणि या साठ्यांवर चालून येणारा दरोडेखोर वहीत नाव लिहून आत शिरत नाही.

याचा अनुभव या प्रांतास येऊन गेला आहे. जून 2017 च्या अखेरीस युक्रेनमधील हिशेबाच्या एका सॉफ्टवेअरमधून पसरलेला 'नॉटपेट्या' हा विषाणू मर्स्क या डॅनिश जहाज कंपनीच्या यंत्रणेत शिरला आणि त्याच समूहाकडे असलेले न्हावाशेवा बंदरातील टर्मिनल बंद पडले. या कृत्याचा ठपका पुढे 1918 नव्हे, 2018 साली, म्हणजे शांततेच्या म्हणविल्या जाणाऱ्या काळात, अमेरिका व ब्रिटन यांनी रशियाच्या लष्करावर ठेवला. भांडण रशिया-युक्रेनचे, कंटेनर मात्र उरणच्या किनाऱ्यावर अडकले!

पुण्याच्या कॉसमॉस बँकेची हकीकत याहून बोलकी आहे. 1906 साली स्थापन झालेल्या या सहकारी बँकेतून ऑगस्ट 2018 मध्ये अवघ्या तीन दिवसांत सुमारे 94 कोटी रुपये गेले. तिजोरीस कोणी हात लावला नाही. एटीएमच्या व्यवहारांस मंजुरी देणाऱ्या यंत्रणेच्या जागी तोतया यंत्रणा बसवून 28 देशांतून पैसे काढण्यात आले, आणि दोनच दिवसांनी सुमारे 14 कोटी हाँगकाँगच्या एका खात्यात वळविण्यात आले. संयुक्त राष्ट्रांच्या तज्ज्ञ मंडळाने 2019 साली हा दरोडा उत्तर कोरियाच्या कारवायांत गणला. पुण्याच्या न्यायालयाने 2023 साली अकरा जणांस शिक्षा ठोठावली खरी, पण पडद्यामागचे सूत्रधार आमच्या फौजदारी कायद्याच्या हाताबाहेरच राहिले.

कायद्याची आजची स्थिती काय आहे? असा हल्ला कळून आल्यापासून सहा तासांत 'सर्ट-इन' या सरकारी संस्थेस वर्दी द्यावी, असे निर्देश एप्रिल 2022 पासून आहेत. सरकारास वर्दी मिळाली. पण ज्याची माहिती गेली त्या ठेवीदारास, रोग्यास वा कामगारास कोण सांगणार? 2023 च्या व्यक्तिगत डेटा संरक्षण कायद्याने ते कर्तव्य संस्थेवर टाकले आहे व कसुरीस 200 कोटींपर्यंत दंड सांगितला आहे. मात्र नियम प्रसिद्ध होण्यास नोव्हेंबर 2025 उजाडला, आणि त्यातही मुख्य तरतुदींस अठरा महिन्यांची सवलत! अब्रू जाईल या भयाने चोरी लपविणारी पेढी आपल्याच गिऱ्हाइकास दुसऱ्यांदा लुबाडते, असे आम्ही स्पष्ट म्हणतो.

यापेक्षाही खोल प्रश्न परावलंबनाचा आहे. जुलै 2025 मध्ये युरोपीय संघाने नायरा एनर्जी या तेल कंपनीवर निर्बंध लादताच मायक्रोसॉफ्टने तिच्या ईमेलादी सेवा रोखल्या. कंपनीने दिल्ली उच्च न्यायालयात धाव घेतली, तेव्हा काही दिवसांनी त्या सुरू झाल्या. या कंपनीत रशियन भांडवल आहे, हे खरे. पण भारताच्या कायद्याने चालणाऱ्या कंपनीची कचेरी परदेशातून बंद करता येते, हे ज्यांना खटकत नाही त्यांच्या स्वराज्याच्या कल्पनेविषयी आम्हांस शंका वाटते.

राज्य सरकारने 837 कोटींच्या सायबर सुरक्षा प्रकल्पाचे केंद्र महाप्यातच थाटले, हे योग्यच झाले. आता कारखाना कायद्याचा धडा गिरवावा. हजार वा अधिक कामगारांच्या कारखान्यास सुरक्षा अधिकारी नेमण्याची सक्ती त्या कायद्यात 1976 साली आली. तशीच सक्ती प्रत्येक बँकेवर, रुग्णालयावर व डेटा सेंटरावर व्हावी. हा अधिकारी ठेकेदाराचा नोकर नसावा, त्याचा अहवाल थेट संचालक मंडळापुढे यावा, आणि वर्षातून एकदा यंत्रे बंद करून हाताने काम चालविण्याचा सराव व्हावा. लहान पतसंस्थांस हा खर्च झेपणार नाही ही तक्रार रास्त आहे. त्यांनी जिल्हावार एकत्र येऊन एकच अधिकारी नेमावा व त्याच्या वेतनाचा निम्मा भार सरकारने पहिली पाच वर्षे उचलावा.