आरामाची सक्तमजुरी

निरोप समारंभाची शाल खांद्यावर पडली आणि नारळ हाती आला, की चहूकडून एकच आशीर्वाद कानी येतो : ‘‘आयुष्यभर राबलात, आता आराम करा!’’ या आशीर्वादालाच आमचा विरोध आहे. सद्भावनेने दिलेला असला, तरी तो चालत्याबोलत्या माणसाला अडगळीच्या खोलीकडे वाट दाखवितो.

म्हातारपण नेमके कधी सुरू होते? १८८९ साली बिस्मार्कच्या जर्मनीने वार्धक्य-निवृत्तिवेतनाचा कायदा केला, तेव्हा वयाची अट ७० होती. १९१६ साली ती ६५ वर आली. आपल्या केंद्र सरकारने १९९८ साली कर्मचाऱ्यांचे निवृत्तिवय ५८ वरून ६० केले. म्हणजे एका कागदाने हजारो माणसे दोन वर्षे उशिरा म्हातारी झाली! तिजोरीच्या सोयीसाठी आखलेली ही रेषा आपण मात्र कर्तृत्वाची सीमारेषा मानून बसलो आहोत.

आमच्या वसईचेच उदाहरण घ्या. वसई रोडहून चर्चगेटला जाण्यायेण्यात रोजचे अडीच तास, वर्षाचे २८० दिवस आणि अशी ३५ वर्षे धरली, तर २४,५०० तास होतात. नोकरदाराने सुमारे पावणेतीन अखंड वर्षे नुसती लोकलच्या गर्दीत काढलेली असतात! या काळात वाडी दुसऱ्याच्या हाती गेली, शेजाऱ्याची मुले ओळखेनाशी झाली, तरुणपणी शिकलेली क्लॅरिनेट पेटीत पडून राहिली. हे सारे परत मिळविण्याची वेळ आली, तेव्हाच त्याला आरामखुर्ची दाखवायची, हा कुठला न्याय?

शरीर थकते, हे आम्हांला मान्य आहे. ज्यांच्या वाट्याला तुटपुंजे निवृत्तिवेतन येते किंवा मुळीच येत नाही, त्यांना छंद जोपासण्याचा उपदेश करणे तर क्रूरपणाचे ठरेल. त्यांचा पहिला प्रश्न भाकरीचा आहे. परंतु ज्यांना दोन वेळची ददात नाही, त्यांनी दिवसाचे चौदा तास दूरदर्शन संच आणि मोबाइल यांच्या स्वाधीन करावेत, याला विश्रांती म्हणत नाहीत. विश्रांती कामाच्या मध्ये असते. काम नसताना उरतो तो केवळ रिकामपणा.

याच्या उलट टोकालाही काही मंडळी आहेत. कचेरीतील खुर्ची सुटली, की ती पतपेढीची, सोसायटीची किंवा मंडळाची खुर्ची पकडतात आणि वीस वर्षे सोडीत नाहीत. तरुणांनी तोंड उघडले, की अनुभवाचा दाखला पुढे येतो. अनुभव वाटण्यासाठी असतो, दारात आडवा टाकण्यासाठी नव्हे. पदाविना काम करता येत नसेल, तर ओढ कामाची नसून पदाचीच होती, असे म्हणावे लागेल.

आणि त्या घरातील गृहिणीचे काय? तिच्या निवृत्तीचा समारंभ कोणी पाहिला आहे काय? नवरा निवृत्त झाला, की दुपारचा चहा वाढतो, जेवण गरम लागते, वर तिच्या कारभारावर देखरेख सुरू होते. त्याचा आराम तिच्या श्रमातून येत असेल, तर ती निवृत्ती नव्हे, बढती आहे! निवृत्ताने पहिले प्रशिक्षण स्वयंपाकघरात घ्यावे, अशी आमची स्पष्ट सूचना आहे. मुलासुनांनीही आजी-आजोबांना बिनपगारी पाळणाघर समजू नये. नातवंडांचा सहवास हा आनंद आहे. ती सक्तीची हजेरी झाली, की आनंद आटतो.

धोंडो केशव कर्वे १९१४ साली फर्ग्युसन महाविद्यालयातून निवृत्त झाले. १९१६ साली त्यांनी महिला विद्यापीठ स्थापिले, तेव्हा ते ५८ वर्षांचे होते. १९३६ साली, वयाच्या ७८ व्या वर्षी, त्यांनी खेड्यांतील प्राथमिक शिक्षणासाठी मंडळ काढले. सर्वांनी कर्वे व्हावे, असे आम्ही म्हणत नाही. पण गावातले एखादे बावखल बुजण्यापासून वाचविणे, कादोडी वा वाडवळी बोलीतले विस्मरणात चाललेले शब्द वहीत उतरविणे, निरक्षर शेजारणीचा बँकेतला अर्ज भरून देणे, यांसाठी महर्षी व्हावे लागत नाही.

आणि प्रत्येक क्षण उपयोगाच्या तराजूत घालण्याचेही कारण नाही. पेटीतली ती क्लॅरिनेट बाहेर काढावी, बेसूर का होईना, वाजवावी. ज्याने आयुष्यभर घड्याळाची चाकरी केली, त्याला निरुद्देश आनंदाचाही हक्क आहे. मात्र तो आनंद त्याने स्वतः निवडलेला असावा, इतरांनी ‘आता तुमचे काय राहिले’ म्हणून पुढे सरकविलेला नसावा.

म्हणून वाचकहो, पुढच्या निरोप समारंभात शाल जरूर द्या, नारळही द्या. पण ‘आराम करा’ म्हणण्याऐवजी विचारा : ‘‘उद्या सकाळी काय करणार आहात? आणि आम्ही सोबतीला येऊ का?’’