डेंगळे फुलात असताना पंप खाली ठेवा

फेब्रुवारीत आमच्या चिखली तालुक्यात बियाण्याच्या कांद्याचे डेंगळे फुलतात. हिरव्या दांड्यांवर पांढरे गोंडे, आणि सगळ्या शिवारात कांद्याचा उग्र वास. नेमकी याच दिवसांत औषधांच्या दुकानांत गर्दी होते. फुलकिडे दिसले की फवारा. माझं म्हणणं असं की गोंडा उमलायला लागला की कीटकनाशकाचा पंप खाली ठेवायचा, आणि हे साऱ्या गावानं मिळून ठरवायचं.

कांद्याचं एक फूल निरखून बघा. सहा पुंकेसर असतात. आधी आतले तीन फुटतात, मग बाहेरचे तीन. तोवर मधला स्त्रीकेसर बुटकाच असतो. तो वाढून पराग घ्यायच्या तयारीला येतो, तेव्हा त्याच फुलाचे पराग संपलेले असतात. दुसऱ्या फुलावरून कुणीतरी आणून द्यावेच लागतात. पराग चिकट, त्यामुळे वाऱ्याच्या भरवशावर राहता येत नाही. हे काम मधमाश्यांचं: सातेरीचं, फुलोरीचं, आग्या माशीचं. ते नीट झालं तर एका फळात जास्तीत जास्त सहा काळे दाणे भरतात. नाहीतर गोंडा वरून टपोरा दिसतो आणि मळणीत हाती भुसकट येतं.

माश्या कमी दिसल्या की आम्ही बायका सकाळी ओळीओळीनं गोंड्यांवरून हात फिरवत जातो. मजुरी जाते, पाठ धरते, आणि माशीच्या कामाची सर काही येत नाही. भाड्यानं मधमाश्यांच्या पेट्या आणल्या तरी खात्री नाही. कांद्याच्या मकरंदात पोटॅश जास्त असतं, माशीला तो फारसा रुचत नाही. जवळ दुसरं काही फुललं असेल तर ती तिकडे वळते. म्हणून आपल्याकडे येणारी एकेक माशी मोलाची. आणि आपण वडावरचं आग्या मोहोळ मधासाठी रात्रीत जाळतो! याचा मला मनापासून संताप येतो.

मी फवारणी थांबवून भागत नाही. शेजारी हरभऱ्यावर घाटेअळीसाठी भर सकाळी फवारणी झाली, तर मरते ती माझ्या डेंगळ्यांवर येणारीच माशी. फुलकिड्यांचा बंदोबस्त फुलोऱ्याआधी करता येतो. अगदीच अडलं, तर कुठल्याही पिकावरची फवारणी सूर्य मावळल्यावर करावी. जानेवारीच्या ग्रामसभेत एवढा ठराव झाला पाहिजे.

बियाणं घेणाऱ्या कंपन्यांनाही माझं सांगणं आहे. प्रमाणित बियाण्यासाठी दोन वाणांत किमान ५०० मीटर अंतर राखावं लागतं, कारण माशी एका वाणाचे पराग दुसऱ्यावर नेते. ते अंतर तुम्ही आमच्याकडून काटेकोर पाळून घेता. त्याच ५०० मीटरांतल्या फवारणीबद्दल मी सही केलेल्या करारात एक ओळही नाही. यंदाच्या करारात ती घाला, आणि भाड्याच्या पेट्यांचा निम्मा खर्च तुम्ही उचला.