नोटिशीनंतरची कोरी पाने

छोट्या शहरातील अनधिकृत बांधकामाची फाइल बहुतेक वेळा नोटिशीपाशीच थांबते. तक्रार येते, कनिष्ठ अभियंता जागेवर जाऊन पंचनामा करतो, नोटीस बजावली जाते, तिचा जावक क्रमांक वहीत चढतो आणि पुढची पाने कोरी राहतात. तोवर सलग सुट्ट्या गाठून वरचा स्लॅब पडलेला असतो.

यावर पहिला बचाव असतो तो कायदा कमजोर असल्याचा. तो खरा नाही. महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियम, 1966 च्या कलम 54 ने चालू काम थांबवता येते, कलम 53 ने अनधिकृत बांधकाम काढायला लावता येते आणि कलम 52 नुसार तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. अधिकार पुरेसे आहेत. ते वेळेवर वापरले जात नाहीत. काम जोत्यावर असताना थांबवले तर मालकाचे नुकसान पाया आणि काही कॉलमपुरते राहते. तीन मजले चढून त्यात कुटुंबे राहायला आली, की तोच हुकूम अमलात आणणे क्रूर ठरते आणि कोर्टकचेरीत वर्षे जातात.

दुसरा बचाव मनुष्यबळाचा. त्यात तथ्य आहे. अनेक नगरपरिषदांत रस्ते, गटारे आणि बांधकाम परवाने एकाच अभियंत्याच्या गळ्यात असतात. पण माणसे कमी असतील तर धोक्याचा क्रम आधी लावायला हवा. घरापुढच्या पत्र्याच्या शेडला आणि पाच मजली इमारतीला एकाच रांगेत उभे करणे चुकीचे आहे. महाडमध्ये 24 ऑगस्ट 2020 रोजी तारिक गार्डन ही पाच मजली इमारत कोसळली आणि 16 जणांचा जीव गेला. इमारत जेमतेम सात-आठ वर्षांची होती. गुन्हा विकासक आणि तांत्रिक सल्लागारांबरोबर पालिकेच्या तत्कालीन मुख्याधिकाऱ्यांवर आणि बांधकाम पर्यवेक्षकावरही नोंदवला गेला. म्हणजे कागद पूर्ण करून जबाबदारी संपत नाही. कोणीतरी जागेवर जाऊन सळई आणि काँक्रीट पाहायचे असते.

तिसरे मत लोकप्रिय आहे: बुलडोझर फिरवा, चार घरे पडली की बाकीचे सरळ होतील. हा मार्ग अन्यायाचा तर आहेच, शिवाय कुचकामीही आहे. कारवाई निवडून होते आणि ज्याला वशिला नाही तोच तिच्यात सापडतो. सर्वोच्च न्यायालयाने 13 नोव्हेंबर 2024 च्या निकालात किमान 15 दिवसांची नोटीस, प्रत्यक्ष सुनावणी, कारणांसह आदेश आणि पाडकामाचे चित्रीकरण बंधनकारक केले. नियम मोडून पाडले तर भरपाई अधिकाऱ्याकडून वसूल होईल असेही बजावले. रस्ता, पदपथ, जलाशय यांसारख्या सार्वजनिक जागांवरील अतिक्रमणांना या निर्देशांतून वगळले आहे. या निकालाने पालिकेचे हात बांधले, अशी ओरड झाली. खरे तर त्याने पालिकेला पायऱ्या आखून दिल्या आहेत.

उरला नियमित करण्याचा पर्याय. शेतजमिनीचे गुंठ्यांत तुकडे पाडून झालेली बांधकामे नियमित करणारा गुंठेवारी कायदा 2001 मध्ये आला तेव्हा त्याची मुदत 1 जानेवारी 2001 पर्यंतच्या बांधकामांपुरती होती. 2021 च्या दुरुस्तीने ती 31 डिसेंबर 2020 वर गेली. आयुष्याची पुंजी घालून गुंठाभर जागा घेतलेल्या कुटुंबाला दिलासा हवाच. पण तारीख सरकत राहिली की परवाना काढून, शुल्क भरून बांधणारा मूर्ख ठरतो, आणि शेतजमिनीचे तुकडे पाडून विकणारा दलाल मोकळाच राहतो.

मग करायचे काय? प्रत्येक नोटिशीसोबत सुनावणीची तारीख लिहावी. नोटिसा, सुनावण्या आणि आदेश यांची यादी संकेतस्थळावर आणि पालिकेच्या फलकावर लावावी. एखादी कारवाई थांबवली तर थांबवणाऱ्याने कारण लेखी द्यावे. लोकप्रतिनिधीच्या फोनला तेवढाच अटकाव पुरतो. वीज, पाणी आणि मलनिस्सारणाच्या जोडण्या पूर्णत्व किंवा भोगवटा प्रमाणपत्र पाहूनच द्याव्यात, असे सर्वोच्च न्यायालयाने 17 डिसेंबर 2024 च्या निकालात सांगितले आहे. एवढे पाळले तरी विकासकाचा अर्धा धंदा बसेल, कारण नळ आणि मीटर नसलेला फ्लॅट विकला जात नाही. अनधिकृत बांधकामाला मालमत्ता कर आणि शास्ती लावली म्हणजे ते नियमित झाले, हा गैरसमजही पालिकेने कराच्या बिलावरच ठळक छापून दूर करावा.

यांतल्या एकाही गोष्टीला नवा कायदा लागत नाही. बहुतेक गोष्टी मुख्याधिकाऱ्यांच्या एका कार्यालयीन आदेशाने सुरू होऊ शकतात, आणि तो आदेश काढायला लावणे हे नगरसेवकांचे आणि त्यांना निवडून देणाऱ्या नागरिकांचे काम आहे.