मायकेलच्या दालनात मायकेल दिसू द्या

प्रति,
संचालक व विश्वस्त मंडळ,
मेट्रोपॉलिटन म्युझियम ऑफ आर्ट, न्यूयॉर्क



आपले मायकेल सी. रॉकफेलर दालन ३१ मे २०२५ रोजी नव्या रूपात पुन्हा उघडले. आफ्रिका, प्राचीन अमेरिका आणि ओशियानिया या तिन्ही प्रदेशांतली कला तिथे आता अधिक मोकळेपणाने मांडली आहे, याचा आनंद आहे. पण ज्याचे नाव या दालनाला दिले, त्याच्याविषयी जगभर एकच गोष्ट चवीने सांगितली जाते: श्रीमंताघरचा पोरगा न्यू गिनीत गेला आणि नरभक्षकांनी त्याला खाल्ले. आपल्या मुलाची अशी आठवण राहावी म्हणून कुणी बाप दालन उभे करत नाही.

मायकेलचे वडील नेल्सन रॉकफेलर तेव्हा न्यूयॉर्कचे गव्हर्नर होते. नोव्हेंबर १९६१ मध्ये पत्नीपासून विभक्त होत असल्याचे त्यांनी जाहीर केले आणि त्याच सुमारास मायकेल बेपत्ता झाल्याचा निरोप आला. मायकेल तेवीस वर्षांचा होता. नेल्सन यांनी खास जेट विमान ठरवले, मायकेलची जुळी बहीण मेरी हिला बरोबर घेतले आणि न्यू गिनी गाठले. डच जहाजे, विमाने, होड्यांतून निघालेले तिथले अस्मत लोक, सगळ्यांनी किनारा आणि खाड्या पालथ्या घातल्या. मुलगा सापडला नाही. राज्याचे गव्हर्नर असले तरी त्या दलदलीपुढे नेल्सन फक्त एक हतबल बाप होते. १९६४ मध्ये मायकेलला कायद्याने मृत ठरवण्यात आले.

घडले होते ते असे. मायकेल आणि डच मानववंशशास्त्रज्ञ रेने वासिंग दोन डोंगी एकत्र बांधून केलेल्या मोटारबोटीने निघाले होते. नदी जिथे आराफुरा समुद्राला मिळते तिथे लाटांनी इंजिन बंद पाडले आणि बोट उलटली. बरोबरची दोन अस्मत मुले मदत आणायला पोहत गेली आणि किनाऱ्याला लागली. रात्रभर उलट्या बोटीवर वाहत राहिल्यावर मायकेलने पेट्रोलचे रिकामे डबे तरंगण्यासाठी अंगाला बांधले आणि तोही पाण्यात उतरला. वासिंग बोटीवरच थांबले आणि वाचले. मायकेलचे पुढे काय झाले, हे आजवर सिद्ध झालेले नाही.

साहसी मुलांच्या आठवणीत शेवटची उडीच तेवढी उरते, आधीची वर्षे पुसली जातात. मायकेलने १९६० मध्ये हार्वर्डची पदवी घेतली. १९६१ मध्ये चित्रपट दिग्दर्शक रॉबर्ट गार्डनर यांच्या मोहिमेत तो न्यू गिनीतल्या बालिएम खोऱ्यात ध्वनिमुद्रण करत होता. दानी लोकांच्या जगण्यावरच्या 'डेड बर्ड्स' या चित्रपटासाठी तिथले आवाज त्याने टिपले. तिथून सवड काढून तो अस्मत लोकांच्या प्रदेशात गेला, लाकडाचे कोरीव काम पाहून भारावला आणि मोहीम संपल्यावर पुन्हा तिकडेच निघाला. तंबाखू आणि लोखंडी कुऱ्हाडी देऊन त्याने वस्तू घेतल्या. घेताना फोटो काढले, टिपणे ठेवली. आज आपल्या दालनात त्याने आणलेल्या एका कोरीव खांबाखाली ओमादेसेप गावच्या फानिपदास या कारागिराचे नाव वाचता येते. त्या काळी अशा वस्तूंखाली नुसते जमातीचे नाव लिहून मोकळे होण्याची रीत होती.

हे खांब जरा जवळून पाहावेत असे आहेत. बिस म्हणतात त्यांना. अठरा-वीस फूट उंचीचे, एकाच झाडातून कोरलेले. माणसाच्या खांद्यावर माणूस उभा, आणि सगळ्यात वरच्याच्या जांघेतून पंखासारखी नक्षीदार जाळी पुढे आलेली. झाड उलटे धरून त्याचे एक चपटे मूळ राखायचे, तीच ही जाळी. रंग तीन: शिंपल्यांच्या चुन्याचा पांढरा, मातीचा तांबडा, कोळशाचा काळा. प्रत्येक आकृती गावातल्या कुणा मेलेल्या माणसाची, त्याच्या नावाने कोरलेली. आपल्याकडे गावाच्या वेशीवर वीरगळ उभा असतो, तसाच हा खांब. फरक एवढा की वीरगळ दगडाचा, आणि बिस सोहळा झाला की साबुदाण्याच्या झाडांच्या बनात नेऊन कुजायला ठेवत, म्हणजे गेलेल्यांचे बळ त्या झाडांत उतरे.

नेल्सन यांनी मुलाची आठवण नेमकी उलट रीतीने जपली. त्यांनी काही कुजू दिले नाही. १९६२ मध्ये मायकेलने जमवलेल्या वस्तूंचे न्यूयॉर्कमध्ये प्रदर्शन भरले, १९६७ मध्ये त्याची रोजनिशी छापली गेली, आणि १९६९ मध्ये स्वतःच्या म्युझियम ऑफ प्रिमिटिव्ह आर्टचा संग्रह आपल्याकडे सोपवायचे ठरले तेव्हा दालनाला मुलाचे नाव मिळाले. ते १९८२ मध्ये उघडले. पाहायला नेल्सन नव्हते. ते १९७९ मध्येच गेले.

त्यांचा शोक खरा होता, आणि त्याला त्यांनी दिलेले हे रूप आदर वाटावा असेच आहे. पण त्या शोकाशेजारी दुसऱ्यांचाही शोक उभा आहे. फेब्रुवारी १९५८ मध्ये डच अधिकारी माक्स लेप्रे यांच्या तुकडीने ओत्सजानेप या अस्मत गावात गोळीबार केला आणि गावातली वजनदार माणसे मारली. मायकेलला त्या गावच्या माणसांनी त्याचा सूड म्हणून मारले, असे कार्ल हॉफमन यांनी २०१४ च्या पुस्तकात मांडले. ते खरे असो वा नसो, गोळीबार झाला होता आणि ओत्सजानेपच्या घरांनीही आपली माणसे गमावली होती.

म्हणून आपल्याला विनंती आहे. बिस खांबांच्या शेजारीच मायकेलचे फोटो आणि टिपणांची पाने लावा, म्हणजे तो काय पाहत होता आणि कुणाला काय विचारत होता हे येणाऱ्याला कळेल. त्याच्या मृत्यूबद्दल जेवढे माहीत आहे तेवढेच लिहा, आणि १९५८ चा गोळीबार त्याच फलकावर लिहा. कोणता खांब कुणाच्या नावाने उभा केला होता, हे टिपणांतून किंवा गावातल्या म्हाताऱ्यांकडून कळत असेल तर तीही नावे कारागिरांच्या नावांशेजारी यावीत.

आणखी एक. अस्मत प्रदेशातल्या आगात्स गावी १९७३ पासून अस्मत संस्कृतीचे संग्रहालय आहे. मायकेलच्या फोटोंच्या आणि टिपणांच्या चांगल्या प्रती तिथे पाठवल्या नसतील तर पाठवा, आणि तिथल्या कोरीवकाम करणाऱ्यांना आपल्या खर्चाने न्यूयॉर्कला बोलवा. फानिपदासच्या गावचा माणूस त्या खांबासमोर उभा राहून काय सांगतो, ते ध्वनिमुद्रित करून दालनात ऐकवा. मायकेल न्यू गिनीत पहिल्यांदा गेला तो ध्वनिमुद्रणासाठीच.